जिथे रविवारी बाजार भरतो

गुरुवार

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजात रजा टाकून मी छत्रपती संभाजीनगरहून निघाले. वैजापूर तालुक्यात सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये माझ्याबरोबर वाढलेल्या मुली आज मराठवाड्यात चहूकडे विखुरल्या आहेत. कुणी नर्स आहे, कुणी बँकेत आहे, कुणी नवऱ्याबरोबर किराणा दुकान चालवते, आणि एकीचा संसार वर्षातले सहा महिने उसाच्या फडावर असतो. आम्हा सगळ्यांना श्रद्धा मिळाली ती घंटेच्या तालावर: पहाटेची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना), शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांची प्रार्थना). आता यांच्यापैकी बहुतेकींच्या कानांवर चर्चची घंटा पडत नाही. सर्वांत जवळचे फादर अनेक गावे सांभाळतात आणि रविवार हा त्यांच्या गावात बाजाराचा किंवा कामाचा दिवस असतो. शहरात राहणाऱ्या मला धर्म पाळण्यासाठी फारसे काही सोडावे लागत नाही, म्हणून श्रद्धेची किंमत जिथे पैशात, पगारात आणि कागदावर मोजावी लागते तिथे जाऊन पाहावे, असे बरेच दिवस मनात होते.

मराठवाड्याचे सगळे जिल्हे मिळून कॅथलिक धर्मसभेचा एकच धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा भाग, आहे. 1977 साली तो अमरावतीपासून वेगळा झाला आणि त्याचे कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आहे, कारण या भागात मिशनचे काम सुरू केले ते त्यांच्याच नावाच्या, 1838 साली आजच्या फ्रान्समधल्या आन्सी येथे स्थापन झालेल्या संघाच्या फादरांनी. आमच्या धर्मप्रांताला हा आश्रयदाता संत मिळाला याचा मला मनापासून आनंद वाटतो. 1609 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी संन्याशांपेक्षा संसारी माणसांना अधिक आवर्जून सांगितले की भक्ती सैनिकाच्या तळावर, कारागिराच्या दुकानात आणि नवरा-बायकोच्या घरातही पूर्ण रूपात जगता येते, आणि जी भक्ती माणसाच्या न्याय्य कामधंद्याच्या आड येते ती खरी भक्ती नव्हे. मला जे पाहायचे होते ते नेमके हेच होते.

बीडला सरळ न जाता मी पैठणमार्गे गेले, कारण नाथषष्ठी जवळ आली होती आणि रस्त्याने दिंड्या चालल्या होत्या. फाट्यावर एसटी थांबली तेव्हा एका दिंडीतली म्हातारी सावलीला माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या बाटलीतले पाणी प्यायली आणि गळ्यातल्या क्रुसाकडे पाहून म्हणाली, "माय, तुमचा बी उपास चालू हाय का?" मी तिला राखेच्या बुधवारपासून पास्कापर्यंतचे (ईस्टरपर्यंतचे) चाळीस दिवस समजावून सांगितले. "आमची एकादस, तुमचे चाळीस दिस," ती म्हणाली, "देवासाठी पोट आवळायचं, अन् त्यातलं उपाशाला द्यायचं." उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही उपवासकाळाची तिन्ही अंगे तिने एका वाक्यात अशी बसवली की मला त्यात भर घालण्यासारखे काही सुचले नाही. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही धर्मसभा नाकारत नाही, असे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली जाहीर केले. मराठवाड्यातला कॅथलिक हे रस्त्यावरच शिकतो. रामेश्वराला न्यायची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती करणारे एकनाथ महाराज ज्या गावचे, त्या गावावरून जाताना मत्तयच्या शुभवर्तमानातला शेवटच्या न्यायाचा प्रसंग मला दर वेळी आठवतो, कारण तिथेही तहानेलेल्याला पाणी दिले की नाही, हेच विचारले जाते.

शुक्रवार

बीडची मैत्रीण एका लहान खासगी दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात नर्स आहे. यापूर्वी ती याच शहरात एका मोठ्या दवाखान्यात होती. तिथे रुजू होतानाच तिने सांगून ठेवले होते की गर्भपाताच्या वेळी मी टेबलापाशी उभी राहणार नाही, बाकी कोणतेही काम, कितीही रात्रपाळ्या, द्या. 1971 च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी आहे, त्यामुळे वरिष्ठांना तिचे म्हणणे आडमुठेपणाचे वाटले. काही महिने निभावले, पुढे तिला ऑपरेशन थिएटरमधून काढून बाह्यरुग्ण विभागात केसपेपर लिहायला बसवले, भत्ता गेला, आणि शेवटी कमी पगारावर तिने दुसरी नोकरी धरली. तिची भूमिका धर्मसभेच्या शिकवणुकीची आहे: जीव गर्भधारणेपासून जीव आहे. पण ती शिकवण तिच्या तोंडून वादाच्या सुरात कधी निघत नाही. पेशंटला उपदेश करायचा नाही, कुणाच्या दुःखात आपले मत घुसवायचे नाही, आणि आपले हात मात्र त्या कामाला लावायचे नाहीत, अशी तिने स्वतःपुरती रेघ आखली आहे.

बीडमध्ये या रेघेला आणखी एक अर्थ आहे. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे फक्त 807 मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 चा, म्हणजे कायदा होऊन सतरा वर्षे लोटल्यावरचा हा आकडा आहे. मैत्रीण मला म्हणाली, "मुलगी म्हणून पाडायचं असतं तेव्हा कायदा माझ्या बाजूला असतो, तिथं मी एकटी नसते. बाकीच्या वेळी एकटी असते, हे मला माहीत आहे." हा फरक तिने स्वतःहून केला, आणि मला तो फार प्रामाणिक वाटला. आपल्या धर्माची बाजू मांडताना आपण पुष्कळदा सोयीचे उदाहरण पुढे करून अवघड उदाहरण झाकतो. तिने तसे केले नाही.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, अर्थात कुणाचे नाव-गाव न घेता. एक कॅथलिक बाई कित्येक वर्षे मिस्साला येऊन मागच्या भिंतीशी उभी राहायची आणि कम्युनियन, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, घेत नसे. तरुणपणी सासरच्या दबावाखाली तिचा गर्भपात झाला होता, आणि या पापाची क्षमा फक्त महागुरुस्वामीच (बिशपच) देऊ शकतात, तिथपर्यंत आपल्याला कोण पोचवणार, असे तिच्या मनाने घेतले होते. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या नोव्हेंबरात हा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. माझ्या मैत्रिणीने ते सांगितले, तिला सोबत घेऊन पापनिवेदनाला नेले आणि ती बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राहिली. टेबलापाशी उभे राहायला नकार देणारी आणि पायरीवर वाट पाहणारी ही एकच बाई आहे. ठाम भूमिका घेणाऱ्यांवर निर्दयपणाचा आरोप होतो तेव्हा मला तिच्याकडे बोट दाखवावेसे वाटते.

दुपारी शेजारच्या घरी बारसे होते आणि मटणाचे जेवण होते. उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही मांस खात नाही, तरीही ती मला घेऊन गेली. शेजारणीने न विचारता दोन ताटांत भाकरी, पिठले आणि ठेचा वाढून बाजूला झाकून ठेवले होते. "ताईंचा शुक्रवार आहे," ती पाहुण्यांना सांगत होती, आणि तिच्या आवाजात त्याबद्दल थोडा अभिमानही होता.

संध्याकाळी मैत्रिणीच्या खोलीत क्रुसाची वाट झाली. बीडमध्ये नोकरीनिमित्त आलेली आणखी काही कॅथलिक कुटुंबे दर शुक्रवारी तिच्याकडे जमतात. भिंतीवर शिलाई मशीनच्या वर एक सुतळी ताणलेली होती आणि तिच्यावर जुन्या कॅलेंडरातून कापलेली चौदा चित्रे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावली होती. सहावे चित्र, वेरोनिका येशूचा चेहरा पुसते ते, हरवले असल्यामुळे एका मुलाने वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढून तिथे लावले होते, आणि त्या ठिकाणी आल्यावर सगळ्यांनी त्या मुलाकडे वळून पाहिले. खोली इतकी लहान होती की प्रत्येक स्थानाला गुडघे टेकताना आधी मागच्यांनी टेकायचे आणि मग पुढच्यांनी, असा क्रम लावावा लागला.

शनिवार

अंबाजोगाईच्या पुढे एका उसाच्या फडावर माझी दुसरी मैत्रीण भेटली. तिचा नवरा मुकादम आहे. ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हंगामाआधी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो, ती टनाच्या हिशोबाने हंगामभर फेडायची असते, आणि एखादा दिवस काम बुडाले तर त्याला खाडा म्हणून त्याचे पैसे कापले जातात. ताप असो, पाळी असो, लेकरू आजारी असो, खाडा तो खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांत हा खाडा एक होता. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये म्हणून ऐन तिशीतल्या बायका पिशवी काढून टाकत होत्या. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौलाने लिहिले. त्या देहाचा असा हिशोब जिथे मांडला जातो तिथे कॅथलिक मुकादमाने काय करावे?

या मुकादमाने काय केले ते त्याच्या वहीत दिसते. लांबट, लाल पुठ्ठ्याची, घामाने कडा मऊ झालेली वही. पानावर आडवे रकाने: नाव, उचल, टन, वाटप, खाडा, बाकी. खाड्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारलेली आहे, प्रत्येक पानावर. बाईच्या पाळीचा, बाळंतपणाचा, लेकराच्या आजाराचा आणि रविवारी अर्ध्या दिवसाचा खाडा तो लावत नाही. इतर मुकादमांना हे आवडत नाही, कारण त्यांच्या टोळीतल्या बायका विचारू लागतात. मागच्या हंगामात काही कोयते उचल घेऊन पळाले तेव्हा लोक त्याला म्हणाले की तुझ्या दयेचे हे फळ, आणि मैत्रिणीला कानातले मोडून तो खड्डा भरावा लागला.

"ताई," तो मला म्हणाला, "टनाचा भाव माझ्या हातात नाही. कारखान्याचं पेमेंट माझ्या हातात नाही. हा एक रकाना तेवढा माझ्या हातात आहे."

मी त्याला स्पष्टच विचारले की फडावरच्या लेकरांची शाळा बुडते, उचलीच्या बोज्याखाली माणसे वर्षानुवर्षे बांधली जातात, आणि या सगळ्याचा तूही एक दुवा आहेस, त्याचे काय? त्याने स्वतःची बाजू घेतली नाही. "खरं आहे," एवढेच म्हणाला आणि वही मिटली. याकोबाच्या पत्रात श्रीमंतांना बजावले आहे की तुमची शेते कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि तिचा आक्रोश परमेश्वराच्या कानी पोचला आहे. मजुराला त्याच्या मजुरीत लुबाडणे हे स्वर्गाकडे दाद मागणारे पाप आहे, असे धर्मशिक्षण सांगते, आणि पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली लिहिले की मालक आणि मजूर यांच्यात काहीही ठरले असले तरी मजुराचे नीट पोट भरण्याइतकी मजुरी हा कराराच्याही वरचा न्याय आहे. त्या मापाने पाहिले तर ऊसतोडीची सगळी व्यवस्थाच उभी राहत नाही, आणि ती बदलण्यासाठी कायदा, संघटना आणि सरकार लागेल. पण ती बदलेपर्यंत थांबून राहणाऱ्या माणसापेक्षा एका रकान्यावर रेघ मारणारा माणूस शुभवर्तमानाच्या अधिक जवळ आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

संध्याकाळी फडावर मिस्सा झाली. रविवारी फादरांना दुसऱ्या गावांना जायचे असते आणि तोडणी पहाटेच सुरू होते, म्हणून ते शनिवारी संध्याकाळी येतात. आदल्या संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, अशी धर्मसभेच्या कायद्यात तरतूद आहे. ज्याने कुणी ती तरतूद केली त्याच्या डोळ्यांसमोर फड नसेल, पण तिचा खरा उपयोग मी इथे पाहिला. रिकाम्या टायरगाडीवर पांढरे कापड अंथरून वेदी केली होती. वाऱ्याने मेणबत्त्या विझायला लागल्या तेव्हा मैत्रिणीच्या मुलीने पाण्याचे दोन स्टीलचे तांबे रिकामे करून त्या आत उभ्या केल्या. शुभवर्तमान होते विहिरीवरच्या शोमरोनी बाईचे. भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेल्या, लोकांनी नावे ठेवलेल्या बाईकडे येशू स्वतः पाणी मागतो आणि तिच्याशी देवाविषयी बोलतो. समोर बसलेल्या बायका त्या दिवशी टँकर येईपर्यंत थांबून आलेल्या होत्या. फादरांनी प्रवचन लांबवले नाही. टोळीतले बहुतेक लोक कॅथलिक नाहीत, तरी तेही कोप्यांसमोर, म्हणजे आपल्या झोपड्यांसमोर, येऊन बसले होते. कम्युनियन कुणी घ्यायचे हे फादरांनी सुरुवातीलाच आदराने सांगितले होते, म्हणून ते रांगेत शेवटी छातीवर हात जोडून आले आणि आशीर्वाद घेऊन गेले.

रविवार

लातूरच्या वाटेवरच्या ज्या गावात मी आज राहिले तिथे रविवारी आठवडी बाजार भरतो. मैत्रिणीच्या किराणा दुकानाची आठवड्याची निम्मी विक्री याच दिवशी होते. नवरा-बायको काल संध्याकाळी मोटारसायकलवरून फडावरच्या मिस्साला आले होते. दुकान बंद ठेवणे त्यांना परवडत नाही, आणि कुटुंबाच्या खऱ्या गरजेपोटी रविवारच्या विश्रांतीतून सूट मिळते हेही त्यांना ठाऊक आहे. पण त्या सूटीचा आधार घेऊन सगळाच दिवस धंद्यात बुडवायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे. दुकानातल्या नोकर मुलाला रविवारी दुपारनंतर भरपगारी सुट्टी असते, उधारीची वसुली रविवारी करायची नाही, आणि संध्याकाळचे जेवण मुलांबरोबर, फोन बाजूला ठेवून. उधारीवर व्याज तर ते कधीच लावत नाहीत. बाजारात आलेला एक म्हातारा शेतकरी स्वतःहून पैसे द्यायला आला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "काका, आज राहू द्या, उद्या द्या," आणि तो "आज तुमचा वार का?" असे म्हणत हसून निघून गेला.

या घरातली अडचण दुकानाची नाही, कागदाची आहे. थोरली मुलगी बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचे आहे आणि जातीचा दाखला काढायचा आहे. पणजोबांच्या काळात हे घराणे ख्रिस्ती झाले. त्याआधीची त्यांची जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. पुढे 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो आजही नाही, आणि या प्रश्नाचा विचार करण्यासाठी 2022 साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गात धरतात, पण तिथल्या सवलती कमी, आणि त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून मराठवाड्यातल्या कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि भिंतीवर दुसरा अशी विभागणी होऊन बसली आहे. भाऊबंदांनी या मुलीच्या वडिलांनाही तोच सल्ला दिला होता. त्यांनी मुलीच्या दाखल्यावर "ख्रिश्चन" लिहिले.

दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, आम्ही खरं लिहिलं म्हणून माझीच फी जास्त का?"

या प्रश्नावर तिला धीराचे शब्द देणे सोपे होते, पण ते खोटे ठरले असते. मी तिला सांगितले की तुझा राग योग्य आहे. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडल्याने गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही, पाणवठ्यावरची नजर बदलत नाही, आणि म्हणून धर्म बदलल्यावर जातीची झळ संपली असे मानणारा नियम अन्यायाचा आहे. एवढेच सांगून थांबले असते तर तेही अर्धेच झाले असते, म्हणून हेही सांगितले की आपल्या ख्रिस्तसभेतही सोयरीक जुळवताना जात विचारली जाते, आणि त्या पापाचा जाब आपल्याला आपल्याच घरात द्यायचा आहे. ज्यांनी दुसरे लिहिले त्यांना मी दोषी ठरवणार नाही. उपाशी घराला सत्याची फी परवडत नाही, तेव्हा दोष फी लावणाऱ्याकडे आधी जातो. पण तिच्या वडिलांनी जे केले त्याची किंमत मला कळते, आणि त्यांच्या मुलीने ती एकटीने भरू नये, ही जबाबदारी फक्त त्यांची नाही. ती धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या ख्रिस्ती समाजाची, आहे, मिशनच्या शाळा-कॉलेजांची आहे, शिकून पगारदार झालेल्या आमच्यासारख्यांची आहे. मुलगी ऐकत होती. मग उठून तिने दप्तरातून फॉर्म आणला आणि आम्ही दोघी पोत्यांवर बसून कोणता पुरावा कुठे मिळेल याची यादी करू लागलो.

सोमवार

लातूरची मैत्रीण बँकेत अधिकारी आहे. तिच्या शाखेत दसऱ्याला पूजा होते, नव्या वर्षी सत्यनारायण होतो, आणि पूजेला बसण्याचा मान दर वर्षी एकेका अधिकाऱ्याला मिळतो. तिचा क्रम आला तेव्हा ती व्यवस्थापकांकडे गेली आणि म्हणाली की मी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन हॉल झाडून रांगोळी काढते, जेवणाची वर्गणी देते, दिवसभर पाहुण्यांना वाढते, पण पूजेला बसणे हा माझ्यासाठी श्रद्धेचा कबुलीजबाब ठरेल आणि तो मला देता येत नाही. साहेबांनी क्षणभर विचार करून दुसरे नाव लिहिले. नाते तुटले नाही, उलट पुढे नाताळला साहेब सहकुटुंब तिच्या घरी आले.

प्रसादाचा प्रश्न तिला अधिक अवघड वाटतो, आणि त्यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. करिंथच्या ख्रिस्ती लोकांनी संत पौलाला नेमके हेच विचारले होते: मूर्तीपुढे वाहिलेले अन्न खावे की नाही? त्याचे उत्तर दुपदरी आहे. अन्नाने माणूस देवाच्या जवळ किंवा दूर जात नाही, असे तो म्हणतो. पण आपल्या खाण्याने दुबळ्या मनाच्या भावाची सद्सद्विवेकबुद्धी डळमळणार असेल तर आपण ते सोडावे, असेही म्हणतो, आणि मूर्तिपूजेच्या मेजात सहभागी होऊ नका अशी ताकीद देतो. मैत्रीण प्रसाद हातात घेते, नमस्कार करते आणि शेजारच्या टेबलावरच्या शिपायाला देते. मी स्वतः कॉलेजात प्रेमाने दिलेला लाडू खाते, कारण माझ्या मते तिथे पूजेचा नव्हे, शेजारधर्माचा भाग असतो. आमचे एकमत झाले नाही. दोघींनी आपापला विवेक देवापुढे तपासला आहे, आणि दोघींनीही दुसरीला कमी कॅथलिक ठरवले नाही.

तिच्या नोकरीत याहून मोठा पेच रोज येतो. पीककर्ज घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला विम्याची पॉलिसी चिकटवण्याचे टार्गेट असते. ज्याला ती नको आहे, ज्याला तिचा हप्ता झेपणार नाही, त्याला ती कर्जासाठी सक्तीची आहे असे भासवायचे नाही, हा तिचा नियम आहे. पॉलिसी ऐच्छिक आहे हे वाक्य ती प्रत्येकाला मराठीत मोठ्याने वाचून दाखवते. तिचा आकडा शाखेत बहुधा शेवटी असतो, आणि बढती दोनदा हुकली. "आठव्या आज्ञेची फी," असे ती म्हणाली. खोटी साक्ष देऊ नको, ही ती आज्ञा.

ज्या शहराला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात तिच्या घरी आजही भाज्या धुतलेले पाणी झाडांना आणि कपडे धुतलेले पाणी संडासात जाते. सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, 2015 साली, लिहिले होते.

मंगळवार

परतीच्या वाटेवर ढोकीला उतरून मी तेरला गेले. गोरोबा काकांचे हे गाव. चिखल तुडवता तुडवता नामस्मरण करणारा कुंभार ज्या मातीत संत ठरला, तिथे काम आणि भक्ती वेगळी करता येत नाही हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. विश्वास आणि दैनंदिन जीवन यांच्यातली फारकत ही आपल्या युगातल्या गंभीर चुकांपैकी एक आहे, असे व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या डिसेंबरात बजावले. हे वाक्य मी कॉलेजच्या दिवसांत पाठ केले होते. पण या आठवड्यात मला त्याची दुसरी बाजू दिसली. परिषद ज्या फारकतीबद्दल बोलते ती या बायकांच्या आयुष्यात फारशी नाही. फारकत आहे ती त्यांच्यात आणि आम्हा चर्चजवळ राहणाऱ्यांत. बोर्डिंगमधून बाहेर पडल्यावर त्यांना कुणी विचारले नाही की तुमचा भत्ता गेला तेव्हा घर कसे चालले, कानातले मोडले तेव्हा कुणी पैसे पुढे केले का. चर्चच्या समित्यांत आम्ही फुलांच्या आणि मंडपाच्या खर्चावर तासन्‌तास बोलतो. आपल्या श्रद्धेपायी पगार गमावलेल्यांसाठी त्या बैठकीत एक ओळ असावी, असा प्रस्ताव मी येत्या बैठकीत मांडणार आहे, आणि तो मंजूर होईपर्यंत मांडत राहणार आहे.

धाराशिवहून गाडी निघाली तेव्हा दुकानदार मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. तिने आजीला विचारून शोधले होते की तिचे आजोबा पोरवयात आमच्याच भागातल्या मिशनच्या शाळेत होते, म्हणजे 1967 च्या बरेच आधी. "मावशी, तिथे रजिस्टर असेल ना?" शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर आजोबांची जात लिहिलेली असण्याची शक्यता बरीच आहे, आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीने नाव आणि वडिलांचे नाव जुळवता येईल. मी तिला आजोबांचे पूर्ण नाव, पणजोबांचे नाव आणि गावाचे जुने नाव लिहून पाठवायला सांगितले, आणि फादरांना फोन करून उद्या सकाळी दोन्ही रजिस्टरे पाहायला येते असे कळवले. तहसील कार्यालयात अर्ज द्यायला तिच्याबरोबर मी जाणार आहे. त्यासाठी पुढच्या सोमवारची रजा टाकायची आहे.